परमिटची दुसरी पर्ची

कूलर बंद करा, असं देवाजी म्हणाले तेव्हाच शीलाला कळायला हवं होतं की हे नेहमीचं बोलावणं नाही.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या त्या घराचं छत सकाळी अकरालाच तव्यासारखं तापलं होतं आणि पुढच्या खोलीत सहा माणसं बसली होती. खिडकीतला कूलर देवाजींनी स्वतः बांधलेला, त्याच्या मोटरचं वाइंडिंगही त्यांनीच दोनदा भरलेलं. होळी झाली की तो सुरू व्हायचा आणि जून सरेपर्यंत त्याची घरघर थांबायची नाही. त्या घरात सगळे जरा चढ्या आवाजात बोलत ते कूलरमुळे, आणि स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये छत्तीस वर्षं काढून देवाजींचा डावा कान गेला होता त्यामुळे. तोच माणूस आज म्हणत होता, "बंद करा तो. ऐकू येत नाई."

कोणाला ऐकू येत नाही, हे शीलाने विचारलं नाही. सासऱ्यांचा सकाळी सातला सासूबाईंच्या फोनवरून फोन आला होता. प्रवीणले घेऊन ये, आधार कार्ड आन, पासबुक आन. नेहरू नगरहून इथवर नवऱ्याने स्कूटर नको तितकी हळू चालवली होती.

कूलर थांबला. पंखा तेवढा गरम हवा ढवळत राहिला.

देवाजींचं म्हणणं दोन वाक्यांत संपलं. चौघांच्या नावावर ज्या पावत्या आहेत त्या आजच मोडायच्या आणि दोन वाजायच्या आत रक्कम त्यांच्या खात्यात टाकायची. परवा ती ज्याची त्याला परत मिळेल.

"कावून?" सासूबाईंनी, मथुराबाईंनी विचारलं.

"ते विचारू नका."

पावत्यांची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि ती कोणी काढत नसे. सहा वर्षांपूर्वी निवृत्त होताना हाती आलेले वीस लाख देवाजींनी एका नावावर ठेवले नव्हते. व्याज एकाच्या नावे दिसलं तर कर कापून घेतात, हे त्यांना शिफ्टमधल्या कोणीतरी पटवलं होतं. म्हणून पाच मथुराबाईंच्या नावे, सहा सुनेच्या, पाच मुलगी भूमिकाच्या आणि चार धाकटा भाऊ केवलराम याच्या. मुदत ठेवी चौघांच्या, पावत्या मात्र देवाजींच्या लोखंडी कपाटात. वर्षातून एकदा ते चौघांकडून बँकेच्या फॉर्मवर सह्या घेत आणि त्या दिवशी घरात बुंदी येई. भूमिका कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवायची आणि हातात पडलेली गोष्ट मुळापर्यंत वाचायची. गेल्या दिवाळीत तिने बापाला सांगितलं होतं की बायकोच्या आणि सुनेच्या नावावर ठेवलेल्या पैशाचं व्याज कायद्याने त्यांच्याच उत्पन्नात धरतात, ते न दाखवणं म्हणजे लपवणं. देवाजी तेव्हा हसले होते. पण त्यानंतर बँकेचा साधा कागद आला तरी ते तो दोनदा वाचायचे.

शीलाच्या नावावरचे सहा लाख आता नव्हते.

हे खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत प्रवीणचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट होतं. एका मोठ्या पार्टीने सात महिन्यांची बिलं थकवली, पण बिल फाडलं की जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, पैसा आलेला असो की नसो. दंड चढत गेला, खातं गोठवण्याची नोटीस आली. शेवटी होळीच्या आधीच्या आठवड्यात शीलाने बँकेत जाऊन ‘मूळ पावती हरवली आहे’ असं लिहून दिलं आणि ठेव मोडली. दिवाळीच्या आत भरून ठेवू, प्रवीण म्हणाला होता. कपाटात होती ती पावती म्हणजे नुसता कागद.

आता तिला एवढंच करायचं होतं, की दोन वाजेपर्यंत बँकेत जायची वेळ येऊ नये.

सुरुवात तिला करावी लागली नाही. केवलराम त्याच प्लांटच्या कोक ओव्हन विभागातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून त्याला प्रत्येक गोष्टीत कोणाचा तरी प्लॉट दिसायचा. त्याने भावाला विचारलं की कुठं पाहिली जागा, आणि कोणाच्या नावावर होणार. देवाजी म्हणाले, जागा नाही. मग भूमिकाने भावाकडे मान वळवली.

"दादा, तुलेच पाहिजे ना पैसे? युनिटसाठी? सीधा सीधा बोल ना."

"मी काहीच मांगतलं नाही," प्रवीण म्हणाला. हे खरं होतं, पण त्याचा आवाज खोटं बोलणाऱ्याचा होता, आणि तो शीलाशिवाय कोणी ओळखला नसता. मग तो घड्याळाकडे पाहत म्हणाला, "आणि मले कायले विचारता? पावती शीलाच्या नावावर आहे. शीलालेच विचारा."

शीलाने त्याच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत तिने या माणसाची पुष्कळ ओझी उचलली होती, पण असं भरल्या खोलीत, हात झटकून त्याने ते तिच्या डोक्यावर कधी ठेवलं नव्हतं. बरं, ठेवलंच आहे तर ठेवलं, तिने ठरवलं.

"मी नाही मोडत," ती म्हणाली.

मग मथुराबाईंनी पदराने मान पुसली आणि भिंतीला सांगावं तसं सांगितलं, "घ्या. सहा वर्स सही केली, तं पैसा तिचाच झाला."

"आई, कारण सांगितल्याशिवाय कोणीच मोडू नये. काकाजींनी तरी का मोडावी?" शीला म्हणाली.

हा खडा नेमका लागला. केवलरामला तेवढंच हवं होतं. त्याने आपली मोठी मुलगी समीक्षा हिच्या लग्नात भावाने किती दिले आणि किती द्यायचं कबूल केलं होतं ते काढलं. मथुराबाईंनी त्याला त्याच्या आजारपणातले चार महिने आठवून दिले, कोणी डबा पोचवला ते. भूमिका आधी बापाच्या बाजूने बोलली, मग काकांच्या, मग दोघांना म्हणाली की पैसा तर बाबांचाच आहे, नाव कोणाचंही असो, आणि हीच तर मूळ भानगड आहे. वाद जिथे विझायला आला तिथे शीलाने त्यात काडी टाकली. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि ती थांबत नव्हती. सव्वाबारा वाजले. सगळ्यांचे कपडे पाठीला चिकटले होते. कूलर लावू का, असं मथुराबाईंनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा देवाजींनी नुसता हात हलवला.

ज्याला काही लपवायचं असतं तो समोरच्याचा चेहरा फार बारकाईने पाहतो. शीला तासाभरापासून सासऱ्यांकडे पाहत होती, त्यांना संशय आला का ते शोधत. आणि हळूहळू तिला दिसायला लागलं की देवाजी तिच्याकडे पाहतच नव्हते. कोणी काही बोललं की ते थांबत, नजर खाली छातीकडे नेत, आणि मग उत्तर देत. दर वेळी तेवढाच उशीर. फोन शर्टाच्या खिशात उभा होता, कॅमेऱ्याचा भाग खिशाच्या वर, तोंड खोलीकडे. पांढरी वायर कॉलरच्या आतून कानात गेली होती. बातम्या ऐकत असतील असं तिला आल्या आल्या वाटलं होतं. पण वायर उजव्या कानात होती. ज्या माणसाला एकच कान शिल्लक आहे, तो घरच्यांची बैठक बोलावून त्याच कानात बूच घालून कशाला बसेल?

"परवापासून हे असंच," मथुराबाई केवलरामला म्हणत होत्या, "आंघोळीलेबी फोन घेऊन जाते. साबनाच्या कोनाड्यात ठेवते. तुमच्या दादाले आता बायकोपेक्षा फोन प्यारा."

शीलाची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. शनिवारच्या चौकोनात सासऱ्यांच्या शिस्तीच्या अक्षरांत बारा आकडी नंबर लिहिला होता आणि खाली, लॉगबुकात लिहावं तसं, ‘१०:४० – सुरू’. बंद झाल्याची वेळ लिहिलेली नव्हती.

ती उठली. देवाजींना तिने आजवर पाया पडण्यापलीकडे हात लावला नव्हता. तिने त्यांच्यासमोर जाऊन खिशातल्या फोनची वायर धरली आणि ओढली.

"...बुजुर्गवार, बहू से साइन कराइए," खिशातून भरदार आवाज आला. "दो बजे के बाद टीम निकल जाएगी. फिर हमारे हाथ में कुछ नहीं."

देवाजींनी दोन्ही तळहात खिशावर ठेवले, आगीतून काही वाचवावं तसे.

"हात नको लावू, शीला. माह्यावर केस हाय."

मग ते तुटक तुटक बोलले, आवाजाकडे पाहत, जणू त्याची परवानगी घेत. शनिवारी फोन आला. वर्दीतला माणूस, मागे कचेरी, झेंडा. त्यांच्या आधार कार्डावर मनी लाँडरिंगचा गुन्हा आहे, केसचा नंबर लिहून घ्या, घरातच नजरकैद, कॅमेरा बंद करायचा नाही, कोणाला सांगायचं नाही. पेन्शन खात्यातले एक लाख नव्वद हजार त्याच दिवशी ‘तपासणी’साठी पाठवले. आज उरलेले. परवा सगळे परत.

"बाबा, हे फ्रॉड आहे," भूमिका जवळजवळ रडत म्हणाली. "रोज पेपरमध्ये येते. घरी बसवून फोनवर अटक, असं कायद्यात काहीच नाही."

"बकवास मत सुनिए," आवाज म्हणाला.

"त्याले समदं मालूम हाय, भूमिका. कोनाच्या नावावर किती."

"त्यानं आधी सांगितलं की तुमी?" शीलाने विचारलं.

देवाजींनी कानातली वायर काढली. "त्यानं विचारलं, दुसऱ्याच्या नावावर ठेवले काय. मी म्हनलं, हो." मग ते अगदी हळू म्हणाले, "खोटं तं मी केलंच ना. तू सांगतलं होतं दिवाळीले. चोर तं मी हावोच. मंग तो पोलिस नाई कसा?"

प्रवीण उठून म्हणाला, फोन मी कापतो, आणि देवाजी ओरडले की जो लावते तोच काढते, दुसऱ्यानं हात लावला तं मानूस मरते. ते कशाबद्दल बोलतायत हे बाकीच्यांना कळलं नसेल, पण शीलाला कळलं.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघरातला मिक्सर बिघडला होता. देवाजींनी तो खोलायच्या आधी कोणी स्विच चालू करू नये म्हणून स्विचबोर्डावर पत्र्याचा लाल टॅग लटकवला, त्यावर त्यांचं नाव आणि प्लांटमधला टोकन नंबर. मग कागदाच्या एका चिठोऱ्यावर वेळ लिहून तो मधून फाडला. अर्धा आपल्या खिशात घातला, अर्धा नव्या सुनेच्या हातात दिला. प्लांटमध्ये मशीनमध्ये शिरण्याआधी हेच करतात, त्यांनी समजावलं. टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. परमिटची, म्हणजे कामाच्या परवानगीची, एक पर्ची कामगाराजवळ, दुसरी कंट्रोल रूममध्ये, आणि शंका आली तर कोणीही जाऊन दोन्ही जुळवून पाहू शकतो. "आता तू कंट्रोल रूम," ते म्हणाले होते, आणि ती पदरात तोंड लपवून हसली होती. छत्तीस वर्षं या माणसाचा जीव एका टॅगवर आणि एका पर्चीवर टांगलेला होता. शनिवारी कोणीतरी त्याला एक नंबर दिला, इथून हलू नको म्हणाला, आणि तो हलला नाही.

ती त्यांच्यासमोर खाली बसली, उजव्या बाजूला.

"मामाजी, तुमच्यावर टॅग लागला आहे. मी नाही काढत. पण परमिट आहे ना? नंबर तुमी कॅलेंडरवर लिहिला आहे. ही एक पर्ची झाली. दुसरी कोणाजवळ?"

देवाजींनी तिच्याकडे पाहिलं. आज पहिल्यांदा.

"ठाण्यात असन," ते म्हणाले.

"मग ठाणं कुठं दूर आहे? प्रवीणच्या स्कूटरवर दहा मिनिटं. फोन चालू ठेवा, कॅमेरा चालू ठेवा. जाऊन नंबर जुळवून घेऊ. जुळला तर मी स्वतः बँकेत येते."

"थाने नहीं जाना है," आवाज लगेच म्हणाला. त्यातला भरदारपणा थोडा सांडला होता. "सुनिए, लोकल थाना इसमें मिला हुआ है. घर से निकले तो वहीं अरेस्ट."

देवाजी ऐकत होते. केवलराम, जो मघापासून दाराला टेकून उभा होता, इतकंच म्हणाला, "दादा, कंट्रोल रूममधी जाऊ नको, असं आपल्याले कोन्या साहेबानं कदी म्हनलं होतं काय?"

"नाई," देवाजी म्हणाले. "कदीच नाई."

त्यांनी फोन खिशातून काढला. पडद्यावर वर्दीतला तरुण चेहरा होता, प्रवीणहूनही लहान वयाचा. देवाजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं, मशीनचं जळालेलं वाइंडिंग पाहावं तसं, आणि स्वतःच्या अंगठ्याने फोन कापला. मग ते उठले, कॅलेंडरजवळ गेले आणि सोमवारच्या चौकोनात लिहिलं, ‘१:०५ – बंद’.

मथुराबाईंनी काही न विचारता कूलर लावला.

त्या घरघरीत भूमिकाने सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, १९३०, लावला आणि ती तक्रार नोंदवायला लागली. पलीकडची बाई व्यवहाराचा नंबर मागत होती, कुठल्या खात्यातून, किती वाजता. पैसे पुढे गेले नसतील तर अडकवता येतील, नाहीतर सांगता येत नाही. देवाजी पासबुक काढायला कपाटाकडे गेले आणि पासबुकाबरोबर पावत्यांची पिशवीही घेऊन आले.

"भूमिका, औंदा बायकोचं अन् सुनेचं व्याज माह्या नावावर दाखव," ते म्हणाले. "मागचंबी जे निघते ते भर. जितका कर बसन तितका बसू दे. घरात काई लपवलं नसतं, तं तो शिरलाच नसता." मग त्यांनी पावत्या वाटायला सुरुवात केली. ज्याची त्याच्या हातात. केवलरामने घेतली आणि तो समीक्षाच्या लग्नाबद्दल काहीतरी पुटपुटला, ते कोणी ऐकलं नाही. मथुराबाईंनी आपली ब्लाउजमध्ये खोचली.

"अन् ही शीलाची. आज तू अडली नसती तं समदं गेलं असतं." ते मथुराबाईंकडे वळले. "पाह्य. तू तिले बोलत होती."

मथुराबाईंनी मान हलवली. त्यांच्यासाठी ते पुष्कळ होतं.

शीलाने पावती हातात घेतली. कागद गुळगुळीत होता, कपाटातल्या डांबर गोळ्यांचा वास त्याला लागलेला. प्रवीण तिच्याकडे पाहत होता आणि त्याची मान अगदी थोडी, नाही म्हणावं तशी, हलत होती. एवढं सोपं होतं. पर्समध्ये टाकायची, घरी जायचं, दिवाळीपर्यंत वाट पाहायची.

"मामाजी, ही रिकामी आहे," ती म्हणाली.

कूलरमुळे त्यांना ऐकू गेलं नाही. तिला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं.

मग तिने बाकीचं सांगितलं. जीएसटीची नोटीस, पावती हरवल्याचं खोटं पत्र, होळीच्या आधीचा आठवडा. आज ती समजूतदारपणाने अडली नव्हती, तिच्याजवळ द्यायला काही नव्हतं, म्हणून दोन तास सगळ्यांना भांडवत बसली. हे सांगताना तिने प्रवीणचं नाव घेतलं नाही. शेवटी प्रवीणच म्हणाला, "बाबा, मीच सांगितलं होतं तिले. पैसा माह्याच युनिटमध्ये गेला." आणि मघाचं ओझं त्याने, उशिरा का होईना, अर्धं उचललं.

मथुराबाईंनी तोंड उघडलं, पण देवाजींनी हात वर केला.

"सहाचे सहा?"

"सहाचे सहा."

देवाजी उठले. मग पुन्हा कपाटाकडे गेले आणि खालच्या खणातून तो पत्र्याचा लाल टॅग काढून आणला. रंग कडांना उडाला होता, नाव आणि टोकन नंबर अजून वाचता येत होता. टॅग त्यांनी उलटा करून तिच्यापुढे ठेवला, भूमिकाच्या पर्समधला शिकवायचा मार्कर घेऊन दिला.

"नाव लिही तुहं. अन् आजची तारीख."

शीलाने लिहिलं. पत्र्यावर अक्षरं वाकडी आली. देवाजींनी टॅग कपाटाच्या मुठीला अडकवायला तिलाच सांगितलं. दोरी जुनी होती, गाठ नीट बसेना, दोनदा सुटली. आता घरच्या पैशाचं हे कपाट तीच उघडेल, ते म्हणाले. ते नाही, मथुरा नाही, प्रवीण नाही. ज्या दिवशी सहा लाख भरून होतील त्या दिवशी टॅग तिनेच काढायचा, तोवर कोणाचा फोन येवो की साहेब येवो.

"आणि नाही भरले तर?" प्रवीणने विचारलं.

"तं लटकून राहीन. शीलाचं नाव रोज दिसन, माह्याबी डोळ्याले, तुह्याबी."

त्यांनी कॅलेंडरचं सरलेलं एप्रिलचं पान फाडलं, पाठीमागे ‘सहा लाख’ असं लिहून ते मधोमध फाडलं. एक अर्धं शीलाला दिलं. दुसरं दोनदा घडी घालून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं, जिथे शनिवारपासून फोन होता.

"चला," ते म्हणाले, "ठाण्यात जाऊ."